घरी आल्यानंतरचंही सांगा

डॉक्टरसाहेब, 'दुर्बिणीतून प्रोस्टेट काढलं की दोन-तीन दिवसांत घरी' हे तुमच्या लेखातलं म्हणणं बरोबर आहे, पण प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) या ऑपरेशनच्या पुढचंही त्यात यायला हवं होतं. माझ्या वडिलांचं हे ऑपरेशन झालं, लघवीची नळी निघाली, लघवी स्वच्छ झाली, सगळे निर्धास्त. पण ऑपरेशनच्या जागेवरची आतली खपली सुटते ती साधारण १० ते १४ दिवसांनी. तेव्हाच लघवी पुन्हा लाल झाली, गुठळ्या अडकून तुंबली, ओटीपोट दगडासारखं. रात्रीच नेऊन नळीतून गुठळ्या धुऊन काढाव्या लागल्या. शौचाला कुंथू नये, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारूनच सुरू कराव्यात, हे आम्हाला तेव्हा कळलं! शिवाय संबंधाच्या वेळी वीर्य उलट मूत्राशयात जाणं बहुतेकांना होतं. पुरुष लाजेपोटी विचारत नाहीत, तेव्हा ऑपरेशनआधी तुम्हीच सांगत जा.