फवारणी किती वाजता केली, एवढंच विचारलं

सिंदखेड राजाकडे आमच्या शेतात कांद्याचं बियाणं घेतात. यंदा गोंड्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांवर, मधमाश्याच नाहीत, म्हणून दादाने रोजाने बाया लावून गोंड्यांवरून हात फिरवून घेतले. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. मी विचारलं, फुलोऱ्यात औषध मारलं का, आणि किती वाजता? झालं! काका म्हणाले, ‘तिथे एसीत बसून शेती शिकवू नकोस.’ म्युनिकमध्ये एसी असतो कोणाकडे?

थ्रिप्स किडीवर फवारलं नाही तर बी हाती लागत नाही, हे दादाचं म्हणणं खरं आहे. फवारू नकोस असं मी म्हटलंच नव्हतं. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. माशी ते काम दिवसाउजेडी करते आणि आपण पंप पाठीवर घेतो तोही सकाळी चहा झाल्यावर.

इथे जर्मनीत पीकच काय, त्यातलं तण फुलावर असलं तरी माशीला घातक औषध मारता येत नाही. काही औषधं माश्या परतल्यावर, रात्री अकराच्या आत. फवारणाऱ्याकडे परवाना लागतो. २०१८ साली युरोपने इमिडाक्लोप्रिडसकट तीन औषधं उघड्या शेतात बंद केली. २०१९ मध्ये बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या राज्यात, माश्या वाचवायला सुमारे साडेसतरा लाख लोकांनी ऐन फेब्रुवारीत राटहाउससमोर (नगरपालिकेसमोर) रांगा लावून सह्या केल्या. माझी सही त्यात नाही. निळ्या पासपोर्टवाल्यांना तो हक्क नव्हता.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दादाने एकच ओळ लिहिली : ‘तुमच्याकडे बंद झालेली औषधं आम्हाला विकतं कोण?’ २०१७ साली यवतमाळला कापसावर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हा तिथे सर्रास मिळणाऱ्या डायफेन्थियुरॉनला युरोपात परवानगी नाही. मी विषय बदलला आणि सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या, मांघर हे मधाचं गाव, पुण्याची मधमाशी संशोधन संस्था असं काय काय लिहीत बसले. गावात सल्ला देतो तो कृषी सेवा केंद्रवाला, आणि त्याचं पोट औषधाच्या बाटल्यांवर, हे मलाही ठाऊक आहे.

मग दादाचा वेगळा मेसेज. ‘हक्कसोडचं काय ठरवलंस?’ म्हणजे जमिनीतला माझा हक्क सोडल्याचा कागद. समृद्धी महामार्ग झाल्यापासून रस्त्याकडेच्या तुकड्याला भाव आलाय. एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचेत. सातबाऱ्यावर आबांच्या पश्चात माझंही नाव लागलंय. माश्यांसाठी भांडणारी मी, आणि त्यांची बाभूळ, बोर, बांध सगळं सपाट व्हायला अडलंय ते माझ्याच सहीवाचून.

पैशांचं मला काही नाही. पण एकदा नाव कमी झालं की एनआरआयला शेतजमीन परत विकत घेता येत नाही, आणि इथे माझ्या मालकीच्या म्हणजे बाल्कनीतल्या लव्हेंडरच्या दोन कुंड्या, बस. म्हणून सही लांबवतेय. जमीन वाचावी म्हणून की माझं नाव राहावं म्हणून, हे दादाने विचारलेलं नाही. तो दर रविवारी गोड आवाजात फोन करतो, आणि मी हवापाण्याचं विचारते.