‘टू काढा, शुड घाला’ एवढ्याने भागत नाही

दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीतली वाक्यं बदलून कशी लिहायची, याचा एक मेसेज फिरतोय. ठाण्यात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या चार मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतलाय. ‘व्हॉट, व्हेअर, हाऊ यांच्यापुढे टू आला की टू काढा, शुड घाला. कर्ता पहिल्या वाक्यातलाच घ्या. प्रश्नशब्द कोणताही चालतो. उदाहरण: आय डोन्ट नो व्हॉट टू डू, म्हणजे आय डोन्ट नो व्हॉट शुड आय डू.’

शुड बऱ्याचदा बसतो, हे खरं. पण नेहमी नाही. गावदेवीजवळ उभं राहून कुणी म्हणालं, ‘टेल मी व्हेअर टू गेट अ रिक्षा’, तर त्याला रिक्षा कुठे मिळेल हे हवंय. तिथे ‘व्हेअर आय कॅन गेट’ येईल. ‘शी नोज हाऊ टू स्विम’मध्ये शुड घातला, तर ‘तिने कसं पोहायला हवं’ असा भलताच अर्थ होतो. मूळ अर्थ ‘तिला पोहता येतं’ एवढाच. आपली मराठी इथे फार कामाला येते. मनात ‘करावं’ आलं तर शुड, ‘करता येईल’, ‘मिळेल’ आलं तर कॅन, आणि वाक्य भूतकाळी असेल तर त्या कॅनचा कुड.

कर्त्याचा नियम मात्र मुलांचं खरं नुकसान करतो. मी फळ्यावर वाक्य लिहिलं: ‘द कंडक्टर टोल्ड मी व्हेअर टू गेट डाउन.’ एका मुलीने मेसेजप्रमाणे ‘व्हेअर ही शुड गेट डाउन’ केलं. मी विचारलं, ‘बाळा, टीएमटीच्या बसमधून उतरणार कोण?’ ती थांबली, म्हणाली, ‘मी.’ आणि स्वतःच ‘ही’ पुसून ‘आय’ लिहिलं. मग मी ‘टोल्ड’च्या जागी ‘आस्क्ड’ घातला आणि कंडक्टरऐवजी एक बाई आणली: ‘अ वुमन आस्क्ड मी व्हेअर टू गेट डाउन.’ आता उतरायचंय त्या बाईंना, म्हणून ‘व्हेअर शी शुड गेट डाउन’. वाक्याचा साचा तोच, पण टेलमध्ये ज्याला सांगितलं तो कर्ता आणि आस्कमध्ये जो विचारतो तो. ‘द लेबल सेज हाऊ टू यूज द मेडिसिन’ घ्या. लेबल काही औषध वापरणार नाही. तिथे ‘हाऊ यू शुड यूज’ असा वाचणाराच कर्ता होतो. ‘करणार कोण?’ हे विचारल्याशिवाय पेन उचलूच नये, असं मी मुलांना रोज सांगते.

प्रश्नशब्द कोणताही चालत नाही. ‘आय डोन्ट नो व्हाय टू गो’ असं इंग्रजीत कुणी सहसा म्हणत नाही, ‘व्हाय आय शुड गो’ म्हणतात. इफपुढे टू येत नाही, व्हेदरपुढे येतो.

आणि ते उदाहरण! ‘व्हॉट शुड आय डू?’ हा सरळ प्रश्न झाला. ‘आय डोन्ट नो’च्या पोटात गेल्यावर कर्ता आधी येतो: ‘व्हॉट आय शुड डू’. आपल्याकडे चांगले शिकलेले लोकही इथे चुकतात, कारण कानाला प्रश्नाची सवय असते. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर निदान एवढी ओळ दुरुस्त करून पाठवा.