कूलरवाला आणि माझं नेट

आमच्या बिल्डिंगमध्ये परवापासून एक बातमी फिरून राहिली आहे की तिसऱ्या माळ्यावरच्या इंजिनिअरचं नेट कूलरवाल्यानं चालू करून दिलं. हे खोटं आहे. म्हणजे साफ खोटं नाही, पण खोटंच आहे.

मागच्या आठवड्यात कूलरची टाकी कोरडी पडली, कोणाचं लक्ष नाही, पंप जळला. नागपूर, मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, घरात सुतक. म्हटलं आता टाकीत सेन्सर टाकतो, ड्रॉवरमधला रास्पबेरी पाय झीरो (बोटभर बोर्डावरचा कॉम्प्युटर) काढतो, पाणी संपत आलं की मोबाइलवर मेसेज. माझा झीरो २०१५ चा, पहिलावाला, याला ना वायफाय ना लॅनचं भोक (वायफायवाला २०१७ मध्ये आला, मी तोवर पैसे घालून मोकळा). म्हणून सेटिंग होईपर्यंत तरी यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉपचंच नेट त्याला द्यायचं.

तर मी फरशीवर लॅपटॉप घेऊन आणि कूलरवाला बाल्कनीत नवा पंप बसवत. गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचा), त्यामुळे मान वर करून बोलणं.

"काय करून राहिले भाऊ?"

"याला नेट देऊन राहिलो."

"कोणाले?"

"याला."

त्यानं बोर्ड तळहातावर घेतला, खर्र्याच्या पुडीसारखा उलटापालटा करून पाह्यला. "एवढुशाले नेट कायले पाह्यजे?"

"टाकीतलं पाणी संपलं की हा मला मेसेज करणार."

तो उठला, खाली वाकून थुंकला, परत आला. "हात घालून पाह्यलं तं समजते ना."

"मी ऑफिसात असलो तर?"

"वहिनी हायेत ना घरी."

आतून वहिनींचा आवाज आला, तो मी इथे लिहीत नाही.

"अन् सव्वाशेचा बॉल येते भाऊ. टाकीत लावून देतो, नळ चालू ठेवा, पाणी आपल्या हातानं भरते. त्याले नेट नाही लागत."

यावर माणसानं काय बोलावं? मी काहीच बोललो नाही, मान खाली घालून तिसऱ्यांदा कॉन्फिग फाइल तपासली. सगळं बरोबर, पॉवरचं भोक सोडून दुसऱ्या भोकात वायर, हिरवा लाइट लुकलुकते, पण लॅपटॉपला नवीन नेटवर्क काही दिसत नाही. पाऊण तास झाला होता.

"लाइट तं लागला," तो म्हणे.

"करंट येतो आहे, डेटा येत नाही."

"मंग नळी चोंदली असन. पंपाचं तसंच राह्यते, मोटर घुमते अन् पाणी चढत नाही."

मी हसलो. मग मोठ्या तोऱ्यात त्याला समजावायला बसलो की बाप्पा, इथे नळीबिळी नसते, या वायरीच्या आत चार तारा असतात, दोन करंटच्या, दोन डेटाच्या, आणि काही स्वस्त वायरींमध्ये डेटाच्या दोन टाकतच नाहीत, नुसतं चार्जिंग... आणि मी थांबलो. वायर बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, ठेल्यावरची होती.

मुद्दा हा की *बोलता बोलता मला समजलं.* त्यानं नाही सांगितलं. आणि वायरीवर 'फक्त चार्जिंग' एवढे दोन शब्द छापायला काय जाते या लोकांचं? घरात दहा-बारा काळ्या वायरी आहेत, कोणती कशाची हे देवालाच माहीत, आणि अख्खी दुपार त्यात जाते माणसाची.

त्यानं पिशवीतून स्वतःची वायर काढली, जुन्या फोनची, ग्रीसनं बरबटलेली, मधे काळी टेप. लावली आणि नेटवर्क दिसलं. एवढंच त्याचं काम. पुढे लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं नेट पुढे जाऊ देणं) बंद होतं ते कोणी चालू केलं? बोर्डाची मागणी लॅपटॉपच्या नावावर बाहेर पाठवणारा मास्करेडचा नियम कोणी टाकला? गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (हाक) जाते पण साइटचं नाव टाकलं की ढिम्म, ते नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचं कोणी निस्तरलं? दोन तास! तो तेव्हा मोबाइलवर रील्स पाहत होता.

सगळं चाललं, अपडेट अर्ध्यावर आलं, आणि यानं वायर उपसली. बोर्डाला वीज त्याच वायरीतून, त्यामुळे तोही गपकन मेला.

"चार्जिंगले लागते ना भाऊ मले."

नवीन वायर आणून पुन्हा लावलं तर हा झीरो प्रत्येक वेळी चालू होताना नवाच ओळख-नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस घेतो, लॅपटॉपला वाटते कोणी नवीन पाहुणा आला, आधी दिलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पाण्यात. तो मॅक कायमचा ठरवून द्यावा लागतो, हे मला रात्री दीडला समजलं.

बॉल लावून घेतला. सव्वाशे. वायरीचे त्यानं घेतले नाहीत आणि हे तो खाली सगळ्यांना आवर्जून सांगते. काल दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी जिन्यात मला थांबवून त्याचा नंबर मागितला, त्यांचं वायफाय हळू चालते म्हणे.

दिला.