परस्पर ठराव

भरताचं पातेलं माझ्या हातातून सांडलं, हे मी नाकारत नाही. ते सांडवलं कोणी, यावर मात्र जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत अजून वाद चालू आहे आणि तिथल्या बहुमताचा मला अजून राग येतो.

प्रसंग तसा दोन ओळींचा. थंडीचे दिवस, मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या. चपला बांधावर काढून पंगत बसलेली. जावई असूनही मी वाढायला उठलो, म्हणून सासूबाई कौतुकानं बघत होत्या. तेवढ्यात उजव्या पायाखाली बाभळीचा काटा आला. उजवा पाय वर गेला, डावा ताठ झाला, डाव्याखालचं ढेकूळ फुटलं. निम्मं भरीत केळीच्या पानांवर गेलं, निम्मं काळ्या मातीत.

मी पडलो नाही. याची दखल मात्र कोणीच घेतली नाही.

सांडलेल्या भरताची दखल घेतली ती आप्पांनी. आप्पा म्हणजे बायकोचे चुलते, निवृत्त ग्रामसेवक. सदऱ्याच्या खिशात अजून दोन पेनं असतात, एक निळं, एक लाल. मी एका पायावर उभा, हातात रिकामं पातेलं, आणि आप्पा शांतपणे विचारतात, “काय व्हयनं जावयबापू? नाची काय राहयनात?”

“काटा लागला, आप्पा.”

“काटा सगळ्यांनाच लागतो. पातेलं आधी खाली ठेवायचं, मग पाय उचलायचा. डोकं वापरायचं ना!”

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. तळपायातून काटा काढायला मेव्हणा सेफ्टी पिन शोधत होता आणि मला दुसरं काही कामही नव्हतं. मी म्हणालो, “आप्पा, यात डोक्याला विचारतच नाहीत. तळपायाची खबर नसेतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते. पाय उचलायचा हुकूम तिथूनच परत येतो. डोक्याला मागाहून कळतं.”

आप्पांचे डोळे चमकले. “म्हणजे गावपातळीवरच मिटलं? जिल्हा परिषदेकडे कागद गेलाच नाही?”

“गेला, पण अंमलबजावणी झाल्यावर.”

“हे नियमाला धरून नाही,” आप्पा म्हणाले. “बरं, काटा उजव्या पायात. मग डाव्याचा काय संबंध? त्याला नोटीस कोणी दिली?”

इथे मला खरं म्हणजे मिठीच मारावीशी वाटली. वर्गातल्या पोरांनी हा प्रश्न आजवर कधी विचारलेला नाही. मी पातेलं बगलेत धरून सांगायला लागलो. एकच खबर मज्जारज्जूत शिरते आणि दोन्ही बाजूंना फुटते. काट्याच्या बाजूला पाय दुमडणारे स्नायू आवळतात आणि सरळ करणाऱ्यांना ढिलं पडायला सांगितलं जातं, नाहीतर त्यांच्यातच रस्सीखेच व्हायची. समोरच्या पायात नेमकं उलट, म्हणजे सरळ करणारे आवळतात आणि दुमडणारे सुटतात. अंगाचा सगळा भार क्षणात एका पायावर येणार, हे कण्याला आधीच ठाऊक असतं. ही व्यवस्था नसती तर काटा लागलेला प्रत्येक माणूस पाय उचलता उचलता तोंडावर आपटला असता. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टननं प्राण्यांवर हे बारकाईनं तपासलं, 1910 साली त्यावर भलामोठा निबंध छापला. 1932 साली त्यांना नोबेल मिळालं, एडगर एड्रियन या शास्त्रज्ञासोबत विभागून.

“ठराव दुहेरी आहे म्हणजे,” आप्पा म्हणाले. “एक उचला, दुसरा टेका. पण मग वांग्याचं काय? ठरावात भरताचा उल्लेखच नाही?”

नव्हता. तोल सांभाळायचं पुढचं काम कानातल्या यंत्रणेचं आणि लहान मेंदूचं. ते कामाला लागले म्हणूनच मी उभा राहिलो. पण कण्यानं डावा पाय टेकवला तो जमीन घट्ट आहे असं गृहीत धरून. ढेकूळ फुटेल हे कण्याला कसं कळावं? ढेकळाची चौकशी करायला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्यासाठीच तर हा सगळा कारभार.

“म्हणूनच मी म्हणतो, वरच्या कचेरीची मंजुरी पाहिजे,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी हुकमाचं पान टाकलं. “आमची माय तव्यावरची भाकर हातानं उलटायची. चटका बसतच असंल ना? तिचा हात नाही उडाला कधी.”

पंगतीतल्या बायका एकदम हसल्या. एकीनं तर स्वतःची बोटं वर करून दाखवली.

आप्पांचं म्हणणं बरोबर होतं, आणि राग त्याचाच येतो. चटका बसणार हे आधीपासून माहीत असेल, तर मेंदू वरून निरोप पाठवून कण्याला दाबून धरू शकतो. गरम पातेलं चुलीवरून उतरवताना हात सोडत नाही तो यामुळेच. पण बाभळीचा काटा आगाऊ सूचना देत नाही! मी हे सांगत होतो तेव्हा कोणाचंही लक्ष नव्हतं. पंगत फोनकडे बघत होती. माझ्या नाचाचं शूटिंग झालं होतं. तीसेक माणसांत पातेलं धरायला एक हात मोकळा नव्हता आणि शूटिंगला मात्र चार होते. शिवाय, छाटलेल्या बाभळीच्या फांद्या पायवाटेवर कोणी टाकल्या, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मी विचारलं, तर यजमान म्हणाले, “शेतात काटे नही तं काय गादी ऱ्हाई?” आणि त्यावरही सगळे हसले.

तळपायातला दुसरा ठणका तर केव्हाच सुरू झाला होता. हाही एक छळच. काटा लागताक्षणी जी तीक्ष्ण कळ येते, ती तुलनेनं जाड नसांनी सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगानं पळते. मागाहून जी जळजळ येते तिच्या वाट्याला बारीक नसा असतात, सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. पाय केव्हाच वर गेलेला असतो, भरीत केव्हाच मातीत मिसळलेलं असतं आणि मग सावकाश दुखायला लागतं.

“आता माझंच बघा,” आप्पा उभे राहिले. “मी पण अनवाणीच आहे. मघाशी तिथूनच आलो. मी नाचलो का? मनावर ताबा पाहिजे.” आणि सिद्धतेसाठी त्यांनी मेव्हण्याच्या खांद्याला धरून डावा पाय मागे वळवून दाखवला.

टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात, काटा होता. माझ्या काट्याचा सख्खा भाऊ, तोही अर्धा आत. भोवती माती चिकटून वाळलेली आणि तिच्यातून रक्ताची बारीक रेघ. आप्पांना पत्ता नव्हता.

मेव्हण्यानं पिन माझ्या पायाऐवजी त्यांच्या पायाला लावली. आप्पा गप्पा मारत राहिले. काटा निघाला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. पंगतीत कोणीतरी टाळी वाजवली. “आप्पा म्हणजे जुनं खोड!” मी, ज्याच्या मज्जारज्जूनं चोख काम केलं होतं, तो नाच्या, आणि ज्यांच्या पायाची खबर कण्यापर्यंत पोचतच नव्हती, ते पहिलवान.

आप्पांना वीसेक वर्षांची शुगर आहे. शुगरनं नसा मरायला लागल्या की आधी पायाच्या मरतात, मग माणसाला काटा, खडा, चटका काही कळत नाही, जखम आतल्या आत चिघळते आणि पुढे पायाची बोटं काढायची वेळ येऊ शकते. हे तिथं बोललो असतो, तर पार्टी बिघडवली म्हणून आणखी एक गुन्हा माझ्या नावावर चढला असता. भरीत तर आधीच चढलं होतं. मी मागे थांबून त्यांच्या सूनबाईंना बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, “दादा, आम्ही सांगून दमलो. ते म्हणतात पाय ठणठणीत आहे, दुखतच नाही.”

शेवटी सुनेनं त्यांना डॉक्टरकडे नेलंच. काल तिचा फोन आला. डॉक्टरांनी आप्पांना डोळे मिटायला लावले, नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं तळव्याला ठिकठिकाणी टोचलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, कळलं का? आप्पा म्हणत राहिले, सुरू करा ना साहेब, मी तयार आहे. घरी येताना मलम, मोजे आणि अनवाणी फिरायची बंदी असं सगळं लिहून मिळालं.

“मग, मानतात का?” मी विचारलं.

“कुठलं काय,” ती म्हणाली. “सगळ्या गल्लीला सांगत बसलेत, डॉक्टरच्या दोऱ्यातच दम नव्हता.”