पाच ओव्हर झाल्या की चेंडू दुसऱ्याकडे

गेल्या रविवारी आम्ही चौघा मित्रांनी अख्खा दिवस पोरांची मॅच बघितली. बकिंगहॅमशर आणि बर्कशर, तेरा वर्षांखालची मुलं, ४० ओव्हरची मॅच. एका मित्राचा मुलगा बकिंगहॅमशरच्या टीममध्ये आहे, फास्ट बॉलर. घडीच्या खुर्च्या, वहिनींनी केलेली थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी, दोन थर्मास चहा आणि ओकच्या झाडाची सावली. इंग्लंडात असं कडक ऊन वर्षातून मोजकेच दिवस मिळतं, त्यामुळे सगळेच खुशीत होते.

या वयोगटाला खेळपट्टी २१ यार्डांची असते, मोठ्यांपेक्षा एक यार्ड कमी. चेंडू पावणेपाच औंसांचा, मोठ्यांचा साडेपाच. पोरांच्या अंगाला झेपेल असा खेळ कापून दिलेला.

आमच्या पोराने पहिल्याच स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात टाकायच्या ओव्हरमध्ये, तिघांना घरी पाठवलं. तिसरी विकेट तर यॉर्करवर, लेग स्टंप मागे कलंडला. पाचवी ओव्हर संपली, पोरगा अंपायरकडे टोपी घ्यायला गेला आणि अंपायरने कॅप्टनला हाताची पाच बोटं दाखवली. बस. कॅप्टनही तेवढाच पोर. काही न बोलता त्याने चेंडू दुसऱ्याकडे टाकला.

मित्र खुर्चीतून उठलाच. "अरे, आत्ता काढतात का? आत्ता तर लय सापडलीये!" बाकीचे दोघंही हळहळले. माझा हात मात्र आपसूक कमरेवर गेला.

इथल्या क्रिकेट बोर्डाचा नियम असा, की तेरा वर्षांपर्यंतच्या फास्ट बॉलरने एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसभरात दहाच ओव्हर टाकायच्या. चौदा-पंधराच्या मुलांना सहा आणि बारा. स्पेल संपला की खेळपट्टीच्या त्याच एंडकडून, म्हणजे टोकाकडून, तेवढ्याच ओव्हर जाईपर्यंत पुन्हा चेंडू हातात नाही. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस बॉलिंग नाही, आणि सलग दोनच दिवस. कारण वाढत्या वयात कमरेचे मणके अजून कच्चे असतात. बॉलर पाय आपटून अंग वळवतो तेव्हा सगळा भार त्या मणक्यांवर येतो, आणि तेच पुन्हा पुन्हा झालं की हाडाला बारीक तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला.

मला डाव्याच बाजूला गेला होता. सांगलीत, पंधरा वर्षांचा असताना. मे महिना, दगडासारखी जमीन, वर मॅट अंथरलेली. एका फायनलमध्ये मी एका एंडकडून सलग चौदा ओव्हर टाकल्या. कुणी मोजल्या नाहीत. मी मोजल्या, कारण मला त्याचा अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवशी दुसरी टूर्नामेंट. कंबर दुखते म्हटलं तर सर म्हणाले, "शेक घे, उतरेल." एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तशी भेग बऱ्याचदा दिसतही नाही. मिरजेला नीट तपासणी होईपर्यंत सहा महिने गेले होते. पुन्हा मी पूर्ण रनअपने कधी पळालो नाही. सरांवर माझा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता तर सगळ्यांना माहीत आहे ना?

ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्स २०११ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिली टेस्ट खेळला. दुसरी खेळायला मार्च २०१७ उजाडलं, रांचीला. त्यात पाठीच्या दुखण्याचा वाटा मोठा. त्याच्यामागे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर उभे होते. आपल्याकडच्या तालुक्याच्या पोरामागे कोण उभं असतं?

म्हणून पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापूर-नाशकात पोरं अकॅडमीत घालणाऱ्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फी भरता, किट घेता, पहाटे पाचला उठून पोराला सोडायला जाता. मग हेही विचारा की आज पोराने किती ओव्हर टाकल्या, नेटमध्ये किती चेंडू टाकले, आणि ते लिहून कोण ठेवतंय. "पोरगं कणखर झालं पाहिजे" हे उत्तर ऐकून घेऊ नका. फिटनेस वाढवता येतो, तडकलेला मणका घेऊन पोराने काय करायचं? आणि शाळेची टीम वेगळी, क्लब वेगळा, अकॅडमी वेगळी. तिन्हीकडची बेरीज घरातल्याच कुणीतरी करायला हवी.

मॅच आपण हरलो, दोन विकेटनी. पोराला शेवटी आणखी तीन ओव्हर मिळाल्या, पण तोवर समोरची जोडी जमली होती. एवढंसं तोंड करून तो आमच्यात येऊन बसला आणि दोन थालीपिठं एका दमात संपवली.

निघताना वहिनींनी किटबॅगच्या बाजूच्या खिशातून एक छोटी वही काढली. तारखांच्या ओळीच ओळी. त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली, पुढे लिहिलं ५ + ३, आणि मंगळवारच्या क्लब मॅचसमोर आधीच लिहिलेलं 'बॉलिंग' खोडून 'फक्त बॅटिंग' केलं.