एक थप्पड आणि तिच्यावर चढलेली पुटे

गेल्या पंधरवड्यात वैजापुरातील आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एकच मजकूर तीन जणांनी तीनदा पाठवला. त्याचा सारांश असा: १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात नवख्या भगवानदादांनी मत्सरापोटी ललिता पवार यांच्या थोबाडीत मारली, त्यात त्यांचा डावा डोळा कायमचा गेला, नायिकेची कारकीर्द तिथेच संपली आणि पोटासाठी खाष्ट सासवा रंगवण्याची वेळ आली, नियतीने मग भगवानदादांकडून हिशेब चुकता करून त्यांना चाळीत आणून बसवले, आणि ललिताबाई अखेर बेवारशासारख्या गेल्या. ललिताबाई मूळच्या येवल्याच्या आणि येवला आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे आमच्याकडे ही कहाणी आपल्याच माणसाची म्हणून वाचली जाते आणि तितक्याच भाबडेपणाने पुढे ढकललीही जाते.

थप्पड बसली, हे खरे आहे. प्रसंगात थप्पड होतीच. भगवानदादांचा हात प्रमाणाबाहेर जोरात पडला, ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, अशीच ही घटना आजवर सांगितली गेली आहे. ‘मत्सर’ हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याच्या पदरचा आहे. एका मारधाडपटातील नटाला नायिकेचा मत्सर कशासाठी वाटावा, याचे उत्तर त्या मजकुरातही नाही. पडद्यावरची थप्पड एरवी गालाला लागतच नाही. कॅमेरा अशा कोनात ठेवतात की तळहात गालासमोरून नुसता गेला तरी बसल्यासारखा दिसतो, समोरचा कलावंत नेमक्या क्षणी मान झटकतो आणि आवाज मागाहून भरतात. ही जुळणी अर्ध्या क्षणाने चुकली, तरी हात खरोखरच बसतो.

‘नवख्या’ हा शब्दही टिकत नाही. गिरणी कामगाराच्या घरातून आलेले भगवान पालव मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते आणि १९३८ पासून दिग्दर्शनही करत होते. नवखा म्हटले की चूक क्षम्य ठरते आणि मत्सरी म्हटले की अक्षम्य. एकाच वाक्यात दोन्ही बसवण्याची किमया मजकूरकाराने केली आहे, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

डोळा ‘गेला’ म्हणणाऱ्यांनी ‘अनाडी’ पुन्हा पाहावा. राज कपूर यांना रागे भरणाऱ्या मिसेस डिसा कॅमेऱ्याकडे वळतात तेव्हा डावी पापणी अर्धवट मिटलेली आणि तो डोळा उजव्यापेक्षा बारीक झालेला स्पष्ट दिसतो. व्यंग कायमचे राहिले, यात शंका नाही. परंतु त्याच बारीक डोळ्यातून आधी संशय, मग माया आणि मग संशय घेतल्याची लाज दिसते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मजकुरात त्याचा उल्लेख नाही, कारण तो आला असता तर ‘पोटासाठी’ हा शब्द गळून पडला असता.

कारकीर्द संपल्याचे विधान सर्वाधिक पसरलेले आहे आणि तेच सर्वाधिक पोकळ आहे. नायिकेच्या भूमिका गेल्या, उपचार लांबले आणि सव्विसाव्या वर्षी हे सोसावे लागले, ही हानी कुणी लहान म्हणणार नाही. मात्र त्या तीन वर्षे पडद्यावरून नाहीशा झाल्या असे जे सांगितले जाते, त्याला साल आडवे येते. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ सालचा, आणि त्यात ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई ललिताबाईंनीच उभी केली आहे. पेशवाईच्या इतिहासातील सर्वांत दाहक स्त्रीभूमिका प्रभातसारख्या संस्थेने दया म्हणून कुणाला दिली असेल, असे मानणे कठीण आहे. पुढे शांतारामबापूंच्या ‘दहेज’मधील सासू आली, ‘श्री ४२०’मधील केळेवाली आली, ‘जंगली’मधील करारी आई आली. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. यातील केळेवालीला खाष्ट म्हणणाऱ्याने तो चित्रपट पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

नियतीच्या हिशेबाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. थप्पड १९४२ सालची आणि भगवानदादांचे सर्वांत मोठे यश असलेला ‘अलबेला’ १९५१ सालचा. म्हणजे नियतीने शिक्षा म्हणून आधी नऊ वर्षांनी सी. रामचंद्रांची गाणी, गीता बाली आणि देशभर थिरकणारी पावले बहाल केली, असे म्हणावे लागेल. भगवानदादांना खाली आणले ते त्यानंतरच्या चित्रपटांनी: ‘झमेला’ने ‘अलबेला’ची सर गाठली नाही, स्वतःचा पैसा ओतून चित्रपट काढण्याचा नाद सुटला नाही, आणि जुहूचा बंगला व मोटारी गेल्यावर ते दादरच्या चाळीत राहिले. निर्मात्याच्या बुडीचे कारण त्याच्या जमाखर्चात शोधावे; एका बाईच्या गालाशी ते जोडण्यात त्या बाईचाही मान राहत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते वारले.

राहिला ललिताबाईंचा शेवट. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात त्या एकट्या होत्या, हे खरे. पती उपचारांसाठी रुग्णालयात आणि मुलगा मुंबईत असल्याने मृत्यू उशिरा लक्षात आला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. एकाकी मृत्यू आणि बेवारस मृत्यू यांत फरक आहे, आणि घरात एखादे म्हातारे माणूस असलेल्या कुणालाही तो सांगावा लागू नये.

हे सारे गटावर लिहिल्यावर एका मित्राने विचारले, ‘ते ठीक आहे, पण मजकुराखाली थपडेनंतरचा फोटो आहे, त्याचे काय?’ फोटो मोठा करून पाहिला. पाठीला पोक, कपाळावर रंगवलेल्या सुरकुत्या आणि डोक्यावरून घेतलेला पदर: ही १९८७ सालच्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा होती, थपडेनंतर पंचेचाळीस वर्षांनी रंगभूषा करून बसलेली, सत्तरी ओलांडलेली अभिनेत्री. तेव्हा दर रविवारी सकाळी आमच्या वाड्यातल्या एकुलत्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली दाटीवाटीने बसलेली असे, आणि मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली की आमची आत्या दोन्ही हातांची बोटे कडाकडा मोडून म्हणे, ‘मेलीला झिंज्या धरून बाहेर काढा आधी.’