टाचण्या, चहा आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य: ‘त्या’ पत्रांबद्दल फिरणारा मजकूर तपासताना

अमेरिका घडवणारे नेते घरी कशी पत्रं लिहायचे, याबद्दलचा एक मजकूर बऱ्याच ग्रुपांवर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ही माणसं बायकोलासुद्धा फक्त देश आणि स्वातंत्र्य यांबद्दलच लिहायची, बायका मुकाट्याने पाठीशी उभ्या राहायच्या, तिसरं कोणी वाचणार नाही म्हणून मनातलं सगळं निवांतपणे, मोकळेपणाने कागदावर उतरायचं, आणि पत्रं जपून ठेवल्यामुळे त्यांचं घर आज आपल्याला जसंच्या तसं दिसतं. उदाहरणादाखल जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष) आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांचं नाव दिलेलं असतं. या दोघांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. मला ती फार प्रिय आहेत, म्हणूनच हा मजकूर खटकतो.

‘फक्त देशाबद्दल’ हे तर पहिल्याच तपासणीत टिकत नाही. जून १७७५. जॉन फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेच्या, बैठकांना, ॲबिगेल चार मुलांना घेऊन बोस्टनजवळच्या ब्रेनट्रीला. बोस्टनमधल्या ब्रिटिश फौजेला अमेरिकनांचा वेढा पडलेला, आणि १७ जूनला बंकर हिलची लढाई व्हायची होती. त्याच दिवसांत ती नवऱ्याला लिहिते की, माझ्यासाठी टाचण्यांचा एक गठ्ठा पाठवा. गठ्ठ्यात सहा हजार टाचण्या असतात, पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळायच्या, आता वीस शिलिंग मोजूनही मिळत नाहीत, असा हिशोबही ती देते. तेव्हा बायकांचे कपडे टाचण्यांवरच अंगावर बसत, आणि टाचण्या यायच्या इंग्लंडहून. व्यापार बंद पडल्यावर घराघरांत काय झालं, हे त्या एका मागणीतून जितकं कळतं तितकं भाषणांतून कळत नाही. ‘घरगुती’ म्हणून हे बाजूला टाकायचं आणि ‘देश’ तेवढा ठेवायचा, तर क्रांतीची झळ नेमकी कोणाला लागली तेच पुसलं जातं.

चहाची गोष्ट तर मी कोणालाही सांगायला तयार असतो. १७७६ च्या उन्हाळ्यात ॲबिगेल मुलांसह देवी टोचून घ्यायला बोस्टनला गेली. तिला बरं नव्हतं, म्हणून जॉनने फिलाडेल्फियाहून ग्रीन टीचा डबा काँग्रेसमधले सहकारी एल्ब्रिज गेरी यांच्याबरोबर पाठवला. पुढे ॲबिगेल जॉनचे चुलतभाऊ आणि काँग्रेसमधले सहकारी सॅम्युएल ॲडम्स यांच्या पत्नीकडे गेली, तर तिथे उत्तम चहा समोर आला. अशा टंचाईत हा कुठून, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: आमच्या यांनी गेरींच्या हाती पाठवला! ॲबिगेल तिथे गप्प राहिली, पण आपल्याही माणसाला हे सुचायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते जॉनला कळवलं. मग उलगडा झाला: गेरींनी डबा चुकीच्या मिसेस ॲडम्सना दिला होता. काही आठवड्यांपूर्वीच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला माणूस आता चहाचा डबा कुठे गेला याचा खुलासा करत होता. यात त्याचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

‘मुकाट्याने पाठीशी’ हे वाचून तर मला राग येतो. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात ॲबिगेल नवऱ्याला बजावते की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. त्याच पत्रात ती असंही म्हणते की ज्यांना दुसऱ्यांचं स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सवय आहे, त्यांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ तितकीच प्रबळ असेल का, अशी मला शंका येते. गुलाम बाळगणाऱ्या व्हर्जिनियाबद्दल हे ती बोलते आहे. जॉनने कायद्यांची मागणी हसण्यावारी नेली. ती गप्प बसली नाही. तुम्ही जगातल्या सगळ्या राष्ट्रांना मुक्त करायला निघालात आणि बायकांवरची सत्ता मात्र सोडत नाही, असं तिने मे महिन्यात सुनावलं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहू न देणारा तो काळ. तरी पुढे जॉन युरोपात असताना त्याने पाठवलेला माल विकून तिने घर चालवलं आणि सरकारी रोख्यांत पैसे गुंतवले. जॉनचा ओढा जमिनीकडे होता.

मजकुरातला निवांतपणाही खरा नाही. तुमची पत्रं इतकी घाईत लिहिलेली असतात की त्यांत मायेच्या शब्दाला जागाच उरत नाही, ही तक्रार ॲबिगेलचीच, जुलै १७७५ मधली.

आता ‘तिसरं कोणी वाचत नसे’. त्याच जुलैत जॉनने दोन पत्रं बेंजामिन हिचबोर्न या तरुण वकिलाजवळ दिली. एक ॲबिगेलला, दुसरं जेम्स वॉरन या मित्राला. ऱ्होड आयलंडजवळ ब्रिटिशांनी हिचबोर्नला पकडलं आणि ऑगस्टमध्ये ती पत्रं बोस्टनच्या वृत्तपत्रात छापून आली. वॉरनच्या पत्रात जॉनने सहकारी जॉन डिकिन्सन यांना, नाव न घेता, गडगंज पण क्षुद्र बुद्धीचा माणूस म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या रस्त्यात डिकिन्सन समोरून आले आणि साधा नमस्कारही न करता निघून गेले. पत्र दुसऱ्याच्या हाती पडेल या भीतीने हे लोक बऱ्याचदा हात राखूनच लिहीत.

राहिला ‘सगळं जपलं’ हा दावा. ॲडम्स कुटुंबाने जपलं, म्हणून आपल्याला बाकीचेही तसेच वाटतात. मार्था वॉशिंग्टन यांनी नवऱ्याच्या, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या, मृत्यूनंतर दोघांमधली पत्रं जाळली. जॉर्ज यांची अगदी मोजकी हाती आहेत, त्यांत सेनापतिपद मिळाल्याचं कळवणारं जून १७७५ चं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन आपल्या पत्रांच्या नकला काटेकोरपणे ठेवत, पण पत्नीबरोबरचं एकही पत्र उरलेलं नाही.

आणि काहींची पत्रं मुळात नाहीतच. १७८७ मध्ये जेफरसन यांची धाकटी मुलगी पॉली लंडनला ॲबिगेलकडे उतरली (जॉन तेव्हा तिथे अमेरिकेचा राजदूत होता), तेव्हा ॲबिगेलने जेफरसन यांना कळवलं की तिच्यासोबत पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आहे. ती मुलगी म्हणजे सॅली हेमिंग्ज, वय खरं तर चौदाच्या आसपास, जेफरसन यांची गुलाम. तिने लिहिलेलं एकही पत्र आपल्याकडे नाही. तिच्याबद्दल तिच्या घरातून काही ऐकायचं तर तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला सांगितलेली हकीकत वाचावी लागते. जेफरसन हेच आपले वडील, असं त्याने त्यात स्पष्ट सांगितलं आहे.